झोळीत गेलेली मूठ

मला नकला येतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं राग आलाच तर तो योग्य जागी येईल. लहानपणी जिंतूरला आमच्याकडं पाहुणे आले की वडील मला मध्ये उभं करायचे आणि म्हणायचे, "हं, पटवाऱ्याची कर." मी पटवाऱ्याची करायची, न्हाव्याची करायची, आणि मावशी लोकांच्या मयतीत एका डोळ्यानं रडत दुसऱ्या डोळ्यानं कुणाच्या अंगावर कसलं लुगडं आहे ते कशी बघते, तेही करायची. ही शेवटची नक्कल एकदा मावशीसमोरच केली. मार बसला. पण मार खाता खाता मी वडिलांकडं बघितलं, तर ते उपरण्यात तोंड घालून हसत होते. झालं. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की हसणारा एक जरी असला तरी मार परवडतो.

माझं गुपित एवढंच, की मी माणसाच्या तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघते. तोंडाला खोटं बोलायची सवय असते. हात बिचारे अडाणी राहिलेले असतात.

लग्न होऊन मी गंगेकाठच्या एका गावात आले. गंगा म्हणजे गोदावरी, पण तिला गोदावरी म्हणणारा माणूस आमच्याकडं परगावचा समजतात. गंगाखेड तिथून तीन कोस. राज्य निजामाचं होतं आणि दूर कुठंतरी मोठी लढाई चालली होती. ती लढाई आम्हाला फक्त रॉकेल मिळेना म्हणून माहीत. आमच्या वाणी गल्लीत अकरा घरं. सगळी गळ्यात लिंग बांधणारी, कपाळाला विभूती लावणारी. गल्लीच्या टोकाला मठ, आणि मठात एकटे राहणारे जंगम स्वामी. उंच, वाळलेले, गुडघ्यात वात. रोज सकाळी ऊन निंबाच्या शेंड्यावरून खाली उतरलं की त्यांची घंटा वाजायची आणि ते खांद्याला झोळी लावून भिक्षेला निघायचे.

आता जंगमाला भिक्षा आम्ही जिंतूरलाही घालत होतो. तिथं सुपात जवारी घ्यायची, दारात यायचं, चार लोकांना दिसेल अशी झोळीत ओतायची. दिसायला नको तर द्यायची कशाला, असा आमच्या गल्लीचा साधा हिशोब. सासरी पहिल्या सकाळी मी मोठ्या झोकात सूप घेऊन निघाले, तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझ्या हातातलं सूप काढून घेतलं.

"हितं सूप चालत न्हाई. पीठ मुठीत घ्यायचं. मूठ मिटून झोळीत घालायची, मिटूनच भाईर काढायची. आन् दुसरीच्या मुठीकडं बघायचं न्हाई."

"का?"

"का म्हंजे? बघायचं न्हाई म्हणून."

झोळीचं तोंड अरुंद होतं. हात मनगटापर्यंत आत गेला की स्वामी मान वर करायचे, निंबाच्या शेंड्याकडं बघायचे आणि सावकाश म्हणायचे, "नमः शिवाय." ते म्हणून होईपर्यंत हात आतच. मग पुढचं दार. अकराच्या अकरा घरी तसंच. श्रीमंत असो, गरीब असो, कुणाच्या दारावरून झोळी पुढं जायची नाही. ही रीत पोखर्णीत नव्हती, गंगाखेडात नव्हती. आमच्याच गल्लीत होती, आणि कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ती सोवळ्या-ओवळ्यासारखी काहीतरी वाटली. मी वर्षभर मुकाट्यानं पाळली.

मग ते वाईट वर्ष आलं.

हस्ताचा पाऊस पडला नाही. जवारी गुडघ्याएवढी झाली आणि तशीच उभी वाळली. त्यात सरकारची लेव्ही, म्हणजे सक्तीची धान्यवसुली. महसुलाचा गिरदावर दोन शिपाई घेऊन गल्लीत शिरला आणि आमच्याच ओसरीवर बसला. आमचं घर गल्लीत मोठं.

"बाई, पेव कहाँ है?"

आत्याबाईंनी स्वतः अंगणातला दगड दाखवला. त्याच्या खाली जमिनीत खोल धान्याचा खड्डा होता. वर म्हणाल्या, "आन् चुलीत बी हात घालून बघा. सरकारला राख लागत आसंल."

गिरदावर मनापासून हसला आणि मनापासून धान्य घेऊन गेला. घरात माजघरातली जवारीची एक कणगी राहिली. पण गल्लीची खात्री होती की आमच्याकडं दुसरं पेव आहे. मोठ्या घराच्या श्रीमंतीवर त्या घरापेक्षा शेजाऱ्यांचाच विश्वास जास्त.

पौष लागला. पहाटे अकरा जाती वाजायची त्यातली पाच-सहाच वाजायला लागली. बायका तरोटा, कुंजीर, मिळेल तो पाला शिजवायच्या. भाकरी एका वेळेवर आली, मग अर्धी झाली. माझं मेलीचं असं आहे की पोट रिकामं असलं की नजर धारदार होते. करमणूक दुसरी काही नव्हती. मी मुठींकडं बघायला लागले.

आणि काय सांगू, खजिनाच सापडला! दुकानदारीण तीन बोटांत पीठ धरून मूठ मात्र अशी फुगवून न्यायची, जसं काही त्यात बेलफळ आहे. समोरची म्हातारी मूठ आत घालताना डोळे मिटायची, स्वतःचं दान स्वतःलाच बघवत नसल्यासारखी. आमच्या आत्याबाई तर मूठ अशी खुपसायच्या, की झोळीत कुणाला तरी ठोसा मारायचा आहे.

कोपऱ्यातल्या घरात काकी राहायची. सख्खी काकी नव्हे, गल्लीच्या नात्यानं. चाळिशीच्या आतली, कमी बोलणारी, ताठ. दोन एकराचा तुकडा. नवरा बैल विकून परभणीला कापसाच्या जिनात कामाला म्हणून गेला, त्याचा वर्षभर निरोप नव्हता. घरात आंधळा सासरा आणि पाच वर्षांची एक मुलगी. काकी लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची. दिवसभराच्या वेचणीला अच्छेर, म्हणजे अर्धा शेर जवारी, आणि तोंडं तीन.

काकीची मूठ आत जाताना सुकलेल्या वांग्याएवढी असायची, आणि बाहेर येताना भरलेल्या वांग्याएवढी. बांगड्यांना पीठ लागलेलं असायचं. मग ती हात पदराखाली घेऊन आत जायची.

पहिल्यांदा मला वाटलं, नजरेचा घोटाळा. दुसऱ्या दिवशी परत बघितलं. तिसऱ्या दिवशी मात्र मला जो आनंद झाला, तो आज लिहितानाही आठवतो, आणि त्याची लाज वाटते हेही लिहून ठेवते. सगळ्या गल्लीत हे फक्त मला दिसलं होतं, असं मला वाटलं.

गंगेवर धुणं धुवायला आम्ही दहा-बाराजणी जात असू. त्या साली गंगाही पाय दुमडून बसल्यासारखी. वाळूत इथं एक डबकं, तिथं एक डबकं. एका दुपारी सगळ्याजणी उन्हात कपडे वाळायची वाट बघत बसल्या होत्या.  कुणीतरी म्हणालं, "आगं जिंतूरकर, काहीतरी कर की. लय उदास वाटायलंय."

मी एक ओली पिशवी घेतली, एकीच्या खांद्याला अडकवली, तिला स्वामी केलं आणि उभी राहिले.

दुकानदारणीची केली. हशा. म्हातारीची केली. एकजण वाळूत आडवी झाली. आमच्या आत्याबाईंची केली तेव्हा माझी नणंदच तोंडात पदर कोंबून म्हणाली, "वहिनी, पुरे, मरते मी आता." इतके दिवसांनी कुणी हसत होतं, आणि हसवणारी मी होते. अशा वेळी थांबतो तो माणूस वेगळा.

मी काकीची केली. काकी तिथं नव्हती, रानात होती. मी ताठ उभी राहिले. बारीक मूठ वर केली. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. मग मूठ पिशवीत, आणि "नमः शिवाय" होईपर्यंत आत चाळवाचाळव. मग हळूच बाहेर, ही एवढी मोठी, आणि पदराखाली गडप.

एक गोष्ट सांगायला हवी. काकीनं कधी डावीकडं-उजवीकडं बघितलं नव्हतं. ती समोर बघायची. ते डावं-उजवं मी पदरचं घातलं होतं. त्याशिवाय नक्कल उठत नव्हती.

काहीजणी हसल्या. चौघी हसल्या नाहीत, एकदम धुणं गोळा करायला लागल्या. मला वाटलं, उशीर झाला म्हणून. सगळ्यात मोठ्यानं एक पोर हसली. काकीची मुलगी. शेजारणीबरोबर आली होती. टाळ्या पिटत म्हणाली, "परत कर! काकू, परत कर!" कुणाची नक्कल आहे हे तिला कळलं होतं, आणि आपली आई एवढी मजेची आहे याचा तिला अभिमान वाटत होता. मी परत केली.

संध्याकाळी आई रानातून आल्यावर तिनं ती आईला करून दाखवली. हे मला नंतर कळलं. चांगली केली असणार. पोरीला कला होती.

दुसऱ्या सकाळी घंटा वाजली. स्वामी कोपऱ्यावर आले. काकी दारात आली, पण मूठ मिटलेली नव्हती. तिनं तळहात उघडा, सपाट समोर धरला होता आणि त्यावर पिठाचा ढीग. गल्लीतल्या झाडून सगळ्या बाया दारात होत्या.

"स्वामी, झोळीचं तोंड मोठं करा," काकी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण टोकापर्यंत ऐकू गेला. "आन् नीट बघून घ्या. आमच्या घरातून जातंय. येत न्हाई."

स्वामींनी निंबाकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघितलं. भिक्षा नाकारता येत नाही. नाकारली तर घालणाऱ्याचा अपमान. त्यांनी झोळीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं. पीठ पडलं.

मग पुढच्या दारी दुकानदारणीनंही तळहात उघडा केला. कारण आता जी मूठ मिटेल तिच्यात काय आहे, असा संशय येणार. तिच्या पुढचीनं केला. अकरा दारं, अकरा उघडे तळहात. मीही केला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत मिटलेली मूठ दिसेनाशी झाली.

त्या दुपारी आत्याबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं. नणंदेनं सांगितलं होतं.

"कर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"गंगेवर केलीस ती. मला बी दाखव."

"आत्याबाई, चुकलं माझं."

"चुकलं ते मागून बघू. आधी कर."

मी केली. प्रेक्षक एक, आणि तोही असा. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि मूठ मोठी करून बाहेर काढली.

आत्याबाई राख सारखी करत होत्या. "झोळीतनं कितीजणी घेत व्हत्या, ठावं हाय?"

"एक. काकी."

"पाच. आन् तुझ्या सासऱ्याच्या आजारपणात सहा." त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. "ह्या हातानं चार म्हयने घेतलंय मी. कुणाला दिसलं न्हाई. स्वामीला बी न्हाई. तुझं तोंड म्हंजे तमाशाचा फड झालाय, माय. पाच घरांची भाकरी हसून घालवलीस."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त त्या दिवशी माझ्या ताटात नेहमीपेक्षा मोठी भाकरी वाढली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

मग जे सुरू झालं ते बघा. स्वामींची झोळी जन्मात कधी एवढी भरली नव्हती. द्यायला लागल्या की बायका एकमेकींवर चढ करायच्या. ज्यांच्याकडं नव्हतं त्या जास्त द्यायच्या. काकी आधी रोज एक मूठ घेत होती. ती बंद झाली, आणि वर एक मूठ जायला लागली. त्या पाच घरांचं तसंच. झोळी फुगत गेली आणि गल्ली वाळत गेली. मठात पिठाचे डबे भरले, त्यांत पोरकिडे झाले.

स्वामींना सुचेल ते त्यांनी केलं. सोमवारी मठात प्रसाद ठेवला. मोठं पातेलंभर आंबील, वर जवारीच्या भाकरी. ज्यांना हवं होतं त्यांच्यापैकी एकजण आली नाही. मठात जेवायला जाणं म्हणजे तर भर चौकात बसून खाणं. आली कोण? दुकानदारीण, दोन्ही सुना घेऊन. "प्रसादाला न्हाई म्हणू नये," म्हणत तिनं तीनदा आंबील घेतली आणि जाताना भाकरी बांधून नेली. पुढच्या सोमवारी स्वामींनी पातेलं चढवलंच नाही.

मी काकीच्या दारात पिठाचा डबा ठेवून आले. संध्याकाळी तो आमच्या उंबऱ्यावर होता, झाकण तसंच. मी मुलीला हाक मारून भाकरी दिली. तिनं घेतली, मग आईनं शिकवलेलं आठवून परत केली. "आमी जेवलोय," म्हणाली. पाच वर्षांच्या पोरीला खोटं बोलता येत नाही. ती भाकरीकडं बघत बोलली.

मी काकीच्या पाया पडायला गेले. ती दारात कापूस निवडत होती.

"काकी, माझ्या जिभेला आग लागो."

"कशाला?" ती म्हणाली. वर बघितलं नाही. "चांगली करतीस म्हणं. माझ्या पोरीला आवडली."

"काकी, पोरीसाठी तरी..."

"पोर माझी हाय, सूनबाई. तुमच्या खेळातली न्हाई."

फाल्गुनात तिचा आंधळा सासरा गेला. भूक म्हणून कुणी म्हणालं नाही. वय झालं होतं, असं म्हणाले. पण पाठ ताठ करून बसवायला चौघांना उचलावं लागेल असं वाटलं होतं, तर एकट्या स्वामींनी उचललं. आमच्यात बसवून पुरतात. खड्ड्यात ते मांडी घालून बसले, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, जेवायला बसल्यासारखे.

आमच्यात सुतक पाळत नाहीत, पण मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारणी भाकरी-पिठलं घेऊन जातात. त्याला कडू घास म्हणतात. तो नाकारता येत नाही. तीन दिवस अकरा घरांतून कडू घास गेला. पाच घरांनी कुठून पाठवला ते मी विचारलं नाही. मी ताट घेऊन गेले तेव्हा पोर पिठलं बोटानं चाटत होती आणि मला बघून हसली. म्हणाली, "आजोबा मेले म्हणून." मी मान हलवली. एवढंच खरं होतं. म्हाताऱ्यानं जिवंतपणी नाही, पण मरून नातीला तीन दिवस जेवू घातलं.

चौथ्या सकाळी काकी पुन्हा उघडा तळहात घेऊन दारात.

चैत्रात पोरीचे पाय सुजले. पोट पुढं आलं. ती खेळायची बंद झाली, उंबऱ्यावर बसून राहायची. मी लहानपणापासून माणसं बघत आले आहे. सुजलेल्या पायांचा अर्थ कुणी मला सांगायची गरज नव्हती. आंधळा गेला तसं तीही जाणार. पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. आणि त्या दिवशी पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन तिच्यासमोरून जाताना मला कळलं की काकीला देऊन उपयोग नाही. घेणारी ती एकटी आहे, हेच तर मी गंगेवर सगळ्यांना दाखवलं होतं. तिच्याआधी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवं. तेही सगळ्यांसमोर. ज्या घराबद्दल कुणी असं मनात आणणार नाही त्या घरानं.

आत्याबाई माजघरात चिंच फोडत होत्या.

"आत्याबाई, उद्या झोळीतनं मी घेते."

त्यांचा हात थांबला.

"सगळ्यांच्या देखत," मी म्हणाले. "मूठ मिटून."

"तुझ्या नणंदेची सोयरीक जुळायलीय गंगाखेडात."

"हाय."

"कळलं तर ते लोक काय म्हणतील, कळतंय का तुला?"

"कळतंय."

त्यांनी पुढची चिंच फोडली. मग म्हणाल्या, "थोडं सांडलं पायजे. न्हाईतर लांबून दिसायचं न्हाई."

दुसऱ्या सकाळी घंटा वाजली.  स्वामी आमच्या दारात आले. मी रिकामी मूठ मिटली, सगळ्यांना मिटलेली दिसेल अशी वर धरली आणि झोळीत घातली. किती महिन्यांनी त्या झोळीत मिटलेली मूठ जात होती.  स्वामींनी निंबाकडं मान वर केली. "नमः शिवाय."

आत पीठ गार होतं. मी मूठ भरली, बाहेर काढली, आणि सांडलं. ठरवल्यापेक्षा जास्त सांडलं. उंबऱ्यावर पांढरा सडा पडला.

समोरची म्हातारी म्हणाली, "आगं बया."

दुकानदारीण म्हणाली, "मोठ्या घरचं बी झोळीतनं खायला लागले म्हणायचं!"

आत्याबाई दारात आल्या. त्यांचा आवाज मला माहीत होता, पण हा नव्हता. "तोंड वासून काय बघायल्यात? न्हाई आमच्यात. सरकारनं नेलं. झोळी हाय म्हणून घेतोय. तुमच्या बापाची हाय का?" आणि मग खाली वाकून त्यांनी, माझ्या सासूनं, उंबऱ्यावर सांडलेलं पीठ सगळ्यांच्या देखत बोटांनी गोळा केलं आणि पदरात घेतलं. हे ठरलेलं नव्हतं.

कोपऱ्यावर काकी आधीच आपलं पीठ घालून उघड्या तळहातानं उभी होती. तिनं सगळं बघितलं. तिनं तळहात पदराला पुसला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी परत घेतलं. तिसऱ्या दिवशी आमच्या पलीकडच्या घरातली मूठ मिटून आली. आत काय होतं, कुणास ठाऊक. तिच्या पुढचीनं मिटली. आठ दिवसांत गल्लीत नऊ मुठी मिटल्या. दुकानदारीण आणि काकी तेवढ्या उघड्या. मी एक दिवस घ्यायची आणि दोन दिवस घालायची. आत्याबाईंनी कणगी अर्धी रिकामी केली ती अशी, माझ्या मुठीतून. गंगाखेडच्या लोकांनी निरोप पाठवला की मुलगा सध्या लग्नाचं बघत नाही. नणंद माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. "वहिनी, तुमच्या नाटकाचं बक्षीस मलाच मिळालं," एवढं मात्र बोलली होती.

काकीनं मरेपर्यंत झोळीत मूठ मिटून हात घातला नाही. ती त्याच ज्येष्ठात गेली, पहिल्या सरीच्या आधी. कडू घास घेऊन मी गेले तेव्हा तो खायला एकच माणूस होतं, पाच वर्षांचं. पण हे नंतरचं. मला ती चैत्रातली सकाळ सांगायची आहे.

घंटा वाजली. कोपऱ्यावरच्या दारात काकी नव्हती. आत भिंतीला टेकून बसलेली दिसत होती, तोंड आमच्याकडं नाही. दारात पोर उभी होती, सुजलेल्या पायांवर, चौकटीला धरून. कुणी पाठवली, की ती आपल्या मनानं आली, हे मी कधी विचारलं नाही.

स्वामी तिच्यासमोर उभे राहिले. पोरीनं मूठ मिटली, ही एवढीशी. ती ताठ उभी राहिली. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. अगदी मी केलं होतं तसंच, जराही चूक नाही. मग तिनं हात वर केला, तर झोळी उंच होती.

कुणी हसलं नाही. स्वामींनी वाताचा गुडघा टेकला, झोळी तिच्या पोटाशी आणून धरली आणि मान वर केली. दुकानदारणीनंसुद्धा निंबाच्या शेंड्याकडं बघितलं. आत्याबाईंनी बघितलं. "नमः शिवाय," स्वामी म्हणाले. पोरीचा हात आतच होता. त्यांनी परत म्हटलं, सावकाश. मग तिसऱ्यांदा.

मूठ बाहेर आली असेल. त्यात किती पीठ होतं ते मला माहीत नाही. मी शेंड्याकडं बघत होते.